ग्लोबल मॅक्रो हेज फंड: इतिहास आणि कामकाज यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्लोबल मॅक्रो हेज फंड म्हणजे नेमके काय?

एखाद्या कंपनीचा ताळेबंद वाचून तिचा शेअर घ्यावा की विकावा, हे ठरवणारे फंड पुष्कळ आहेत. ग्लोबल मॅक्रो फंडाचा विचार त्याच्या वरच्या पातळीवर चालतो. व्याजदर, महागाई, सरकारी तूट, आयात-निर्यातीतील तफावत, मध्यवर्ती बँकेचे धोरण आणि सत्तापालट यांचा परिणाम चलनांवर, सरकारी रोख्यांवर, शेअर निर्देशांकांवर आणि सोने, तेल, धान्य यांच्या भावांवर कसा होईल, याचा अंदाज बांधून हे फंड सौदे करतात. कोणत्याही देशात, कोणत्याही बाजारात, तेजीचा किंवा मंदीचा सौदा उधारी घेऊन करण्याची मुभा त्यांना असते.

अशा फंडाचे व्यवस्थापक म्हणजे जगाचे भविष्य वर्तवणारे लोक, असा समज फार रूढ आहे. आमच्या मते तो अपुरा आहे. अंदाज चुकला तर किती जाईल आणि खरा ठरला तर किती येईल, या दोन आकड्यांमधले अंतर जिथे मोठे असेल तो सौदा शोधणे आणि त्यावर किती रक्कम लावायची हे ठरवणे, हा या धंद्याचा गाभा आहे. खालची बहुतेक उत्तरे फिरून याच मुद्द्याशी येतात.

नावात ‘हेज’ आहे, मग हे फंड जोखमीपासून संरक्षण देतात का?

नाव जुने आहे आणि ते दुसऱ्याच पद्धतीसाठी दिलेले होते. समाजशास्त्राचे अभ्यासक आणि पत्रकार आल्फ्रेड विन्स्लो जोन्स यांनी १९४९ साली १,००,००० डॉलरच्या भांडवलावर एक भागीदारी सुरू केली; त्यांपैकी ४०,००० डॉलर त्यांचे स्वतःचे होते. चांगले वाटणारे शेअर उधारीवर विकत घ्यायचे आणि कमकुवत वाटणारे शेअर उसने घेऊन आधी विकून ठेवायचे, म्हणजे सगळा बाजार पडला तरी एका बाजूचे नुकसान दुसरी बाजू भरून काढील, अशी त्यांची रीत होती. ‘हेज’ म्हणजे हे कुंपण. नफ्यातला २० टक्के वाटा व्यवस्थापकाने घ्यायचा, ही प्रथाही त्यांच्याच भागीदारीत रुजली.

मॅक्रो फंडांनी जोन्स यांच्याकडून मोबदल्याची रीत, भागीदारीची रचना आणि मंदीचा सौदा करण्याची मोकळीक घेतली. कुंपण मात्र बहुतेकांनी मागेच ठेवले. एका चलनावर किंवा व्याजदराच्या एका दिशेवर मोठी रक्कम लावणारा फंड कायद्याच्या आणि रचनेच्या दृष्टीने हेज फंड असतो, जोखमीच्या दृष्टीने तसा असेलच असे नाही.

या प्रकाराचा उदय १९७० च्या दशकातच का झाला?

कारण त्याआधी सौदा करण्याजोगी हालचालच फारशी नव्हती. १९४४ च्या ब्रेटन वुड्स करारानुसार प्रमुख चलने डॉलरशी आणि डॉलर ३५ डॉलरला एक औंस या भावाने सोन्याशी बांधलेला होता. १५ ऑगस्ट १९७१ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी परदेशी सरकारांना डॉलरच्या बदल्यात सोने देणे थांबवले, आणि १९७३ पर्यंत प्रमुख चलनांचे दर बाजारावर सोडले गेले. त्याच सुमारास तेलाचा भाव भडकला, महागाई उसळली आणि व्याजदर असे हलू लागले की तिशी-चाळिशीतल्या बँकरांनी तसे कधी पाहिलेही नव्हते.

साधनेही याच काळात आली. शिकागोत मे १९७२ मध्ये चलनांचे वायदे सुरू झाले आणि १९७७ मध्ये अमेरिकी सरकारच्या दीर्घ मुदतीच्या रोख्यांचे वायदे आले. गव्हाचा किंवा सोयाबीनचा वायदा करणाऱ्या माणसाला आता त्याच सवयीने जर्मन मार्कचा किंवा व्याजदराचा सौदा करता येऊ लागला. म्हणूनच मॅक्रो फंडांची एक शाखा थेट धान्यबाजारातून आलेली दिसते. १९६९ साली न्यू जर्सीतील प्रिन्स्टन येथे स्थापन झालेल्या कमॉडिटीज कॉर्पोरेशन या संस्थेत ब्रूस कोव्हनर घडले. पुढे १९८३ साली त्यांनी कॅक्स्टन ही संस्था काढली. दुसरी शाखा शेअरबाजारातून आली आणि तिचे ठळक नाव जॉर्ज सोरोस यांचे. १९६९ साली एका दलाली पेढीत त्यांनी सुरू केलेला फंड आणि १९७३ साली जिम रॉजर्स यांच्यासह काढलेली स्वतंत्र संस्था यांतून पुढचा क्वांटम फंड उभा राहिला. ज्युलियन रॉबर्टसन यांची टायगर मॅनेजमेंट आणि पॉल ट्यूडर जोन्स यांची संस्था या दोन्ही १९८० सालच्या.

१९८० च्या दशकातील कोणत्या घटनांनी या फंडांना नाव मिळवून दिले?

प्रामुख्याने दोन. २२ सप्टेंबर १९८५ रोजी न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात पाच देशांनी डॉलर उतरवण्याचा निर्णय घेतला. क्वांटम फंडाने येन आणि मार्क यांत तेजीचे सौदे आधीच केलेले होते आणि निर्णयानंतर ते वाढवले; त्या वर्षी फंडाची वाढ शंभर टक्क्यांहून अधिक झाली. दुसरी घटना १९ ऑक्टोबर १९८७ ची. त्या सोमवारी डाऊ जोन्स निर्देशांक एका दिवसात २२.६ टक्के कोसळला, तेव्हा मंदीत बसलेल्या पॉल ट्यूडर जोन्स यांनी मोठा नफा मिळवला. सोरोस यांच्या फंडाला मात्र त्याच पडझडीत मोठा तोटा झाला. एकाच दिवसाच्या या दोन बाजू सहसा एकत्र सांगितल्या जात नाहीत, म्हणून येथे मुद्दाम नोंदवल्या आहेत.

१९९२ सालच्या पौंडाच्या सौद्यात नेमके काय घडले?

ब्रिटन ऑक्टोबर १९९० मध्ये युरोपीय विनिमय दर यंत्रणेत, म्हणजे सदस्य देशांची चलने परस्परांशी ठरावीक मर्यादेत बांधणाऱ्या व्यवस्थेत, सामील झाला. पौंडाचा मध्यवर्ती दर २.९५ जर्मन मार्क ठरला आणि २.७७८ मार्क ही तळाची मर्यादा आली. भाव तिथे पोहोचला की बँक ऑफ इंग्लंडने पौंड विकत घेणे बंधनकारक होते. पूर्व आणि पश्चिम जर्मनीच्या एकीकरणानंतरची महागाई रोखण्यासाठी जर्मनीने व्याजदर चढे ठेवले होते, तर ब्रिटनमध्ये मंदी होती आणि तिला स्वस्त पैसा हवा होता. पौंड मर्यादेत ठेवायचा तर ब्रिटनला जर्मनीइतके चढे दर ठेवणे भाग होते. हा ताण सर्वांना दिसत होता. १३ सप्टेंबर १९९२ रोजी इटलीच्या लिराचे अवमूल्यन झाले, तेव्हा यंत्रणा अभेद्य नाही हेही उघड झाले.

आता सौद्याचा हिशेब जवळून पाहू. पौंड २.७८ च्या आसपास, म्हणजे जवळजवळ तळाशी उभा होता. तिथे पौंड उसने घेऊन विकणाऱ्याचा अंदाज चुकला, तर पौंड फार तर एक-दोन टक्के वर सरकण्याचा संभव होता, कारण त्याला जोराने वर नेईल असे कोणतेही कारण शिल्लक नव्हते. अंदाज खरा ठरला, तर दहा-पंधरा टक्के घसरण सहज शक्य होती. वाट पाहण्याचा खर्चही किरकोळ होता: उसन्या पौंडांवर सुमारे १० टक्के व्याज द्यावे लागे, पण त्या बदल्यात हाती आलेल्या मार्कांवर ९ टक्क्यांच्या आसपास व्याज मिळत असे. शिवाय २.७७८ या भावाला अमर्याद खरेदी करणारा एक ग्राहक समोर उभा होता, आणि तो देशाची मध्यवर्ती बँक होता. एवढा मोठा सौदा पचवणारा ग्राहक एरवी कोणत्याही बाजारात मिळत नाही.

मूळ मांडणी सोरोस यांचे सहकारी स्टॅनली ड्रकनमिलर यांची होती. रक्कम कितीतरी पटींनी वाढवण्याचा आग्रह सोरोस यांचा होता. सौदा अखेरीस सुमारे १० अब्ज डॉलरवर गेला. बुधवार, १६ सप्टेंबर रोजी बँक ऑफ इंग्लंडने दर १० वरून १२ टक्के केला आणि दुसऱ्या दिवसापासून १५ टक्के करण्याची घोषणा केली, तरी विक्री थांबली नाही. मंदी सोसणारे सरकार १५ टक्के दर टिकवू शकणार नाही, असा अर्थ बाजाराने त्या घोषणेतून काढला. संध्याकाळी अर्थमंत्री नॉर्मन लॅमाँट यांनी यंत्रणेतून बाहेर पडत असल्याचे जाहीर केले. पुढच्या काही आठवड्यांत पौंड २.५० मार्कांच्या खाली गेला आणि क्वांटमला सुमारे १ अब्ज डॉलर नफा झाला.

पौंड डळमळीत आहे हे त्या उन्हाळ्यात अनेकांनी ओळखले होते, आणि बँका व मोठ्या कंपन्याही त्या दिवशी पौंड विकत होत्या. सोरोस यांचे वेगळेपण रकमेत होते.

मग हे फंड मध्यवर्ती बँकांना नेहमीच हरवतात का?

नाही, आणि हाँगकाँगचे १९९८ सालचे उदाहरण या संदर्भात मुद्दाम अभ्यासावे असे आहे. हाँगकाँग डॉलर १९८३ पासून ७.८० या दराने अमेरिकी डॉलरशी बांधलेला आहे. तिथली रचना अशी, की कोणी स्थानिक डॉलर विकून अमेरिकी डॉलर नेले की बँकांकडील स्थानिक पैसा आटतो आणि अल्पकालीन व्याजदर आपोआप चढतात. सट्टेबाजांनी याचाच दुहेरी डाव रचला. आधी तिथल्या शेअरबाजाराच्या हँगसेंग निर्देशांकाचे वायदे विकून ठेवायचे, मग स्थानिक चलन विकायचे. चलन तुटले तर तिथे नफा. चलन टिकले तरी व्याजदर चढून शेअर पडतील आणि वायद्यांत नफा होईल.

ऑगस्ट १९९८ मध्ये हाँगकाँगच्या चलन प्राधिकरणाने अनपेक्षित पाऊल उचलले. त्याने सुमारे ११८ अब्ज हाँगकाँग डॉलर खर्चून थेट शेअर विकत घेतले. वायद्यांची मुदत संपण्याच्या दिवशी, २८ ऑगस्टला, ७९ अब्ज हाँगकाँग डॉलरची विक्रमी उलाढाल झाली. निर्देशांक तगला, चलनाचा दरही टिकला आणि मंदीवाल्यांना तोटा घेऊन बाहेर पडावे लागले. मुक्त बाजाराचा पुरस्कर्ता म्हणवणाऱ्या शहराने शेअर खरेदी करावी का, यावर तेव्हा कडाडून टीका झाली. पण डावाचा दुसरा पाय अचूक ओळखून त्यावरच घाव घालण्याची ती समज असामान्य होती, असे आम्हांला वाटते.

१९९७ च्या आशियाई संकटाला हेज फंडच जबाबदार होते का?

तो आरोप मलेशियाचे तत्कालीन पंतप्रधान महाथिर मोहम्मद यांनी उघडपणे केला. थायलंडच्या बाटविरुद्ध मॅक्रो फंडांचे मोठे सौदे होते, यात शंका नाही. मात्र बाटचा बांधलेला दर जपण्यासाठी बँक ऑफ थायलंडने पुढच्या तारखेला डॉलर देण्याचे २० अब्ज डॉलरहून अधिक रकमेचे मुदती करार करून ठेवले होते, त्यामुळे कागदावर दिसणारी गंगाजळी प्रत्यक्षात वापरण्याजोगी उरलेली नव्हती. २ जुलै १९९७ रोजी बाट बाजारावर सोडावा लागला. देशी बँका आणि कंपन्यांनी डॉलरमध्ये घेतलेली अल्प मुदतीची कर्जे हे संकटाचे मूळ होते. आपले कर्ज फेडण्यासाठी डॉलर गोळा करायला धावलेल्या स्थानिक कंपन्यांनीच चलने आणखी खाली ढकलली. फंडांनी भेग पाडली नाही, तिच्यावर दाब वाढवला, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होईल. तो दाब निरुपद्रवी होता असा याचा अर्थ नाही. त्याची किंमत ज्यांनी चुकवली त्यांचा या सौद्यांशी काहीही संबंध नव्हता.

फंडाची कायदेशीर रचना कशी असते?

साधारणपणे एक मुख्य फंड असतो आणि त्यात पैसा आणणारे दोन उपफंड असतात: अमेरिकेतील करदात्या गुंतवणूकदारांसाठी डेलावेअर राज्यात नोंदलेली भागीदारी, आणि परदेशी गुंतवणूकदार व अमेरिकेतील करमुक्त संस्था यांच्यासाठी केमन बेटांवरील कंपनी. सौदे मुख्य फंडाच्या नावावर होतात. ते सौदे करणारी व्यवस्थापन कंपनी वेगळी असते आणि तिचे कार्यालय न्यूयॉर्क, ग्रीनिच किंवा लंडन येथे असते.

प्राइम ब्रोकर उधारी देतो आणि रोखे सांभाळतो. स्वतंत्र प्रशासक फंडाचे निव्वळ मूल्य काढतो, आणि हा प्रशासक व्यवस्थापकापासून खरोखरच स्वतंत्र आहे का, हा गुंतवणूकदाराने विचारायचा पहिला प्रश्न असला पाहिजे. सप्टेंबर २००८ मध्ये लेहमन ब्रदर्स ही अमेरिकी गुंतवणूक बँक बुडाली तेव्हा तिच्या लंडनमधील कंपनीकडे ठेवलेली अनेक फंडांची मालमत्ता वर्षानुवर्षे अडकून पडली. तेव्हापासून मोठे फंड एकाच प्राइम ब्रोकरवर विसंबत नाहीत.

एखादा सौदा कल्पनेपासून अंमलबजावणीपर्यंत कसा पोहोचतो?

सुरुवात बहुधा विसंगतीपासून होते. समजा, एखाद्या देशाची मध्यवर्ती बँक वर्षभरात तीनदा दर कमी करील असे वायदेबाजाराच्या भावांतून दिसते आहे, पण वेतनवाढ आणि घरभाड्यांचे आकडे पाहता एकदाही कपात होणे कठीण आहे, असे फंडाच्या अर्थतज्ज्ञाला वाटते. येथे अर्थतज्ज्ञाचे मत बरोबर आहे का, इतकेच विचारून भागत नाही. ते मत आणि भावात आधीच धरलेले मत यांत किती अंतर आहे, हे पाहावे लागते. सर्वांनाच पटलेल्या अचूक अंदाजातून पैसा मिळत नाही.

त्यानंतर साधन निवडले जाते. हेच मत दोन वर्षांच्या रोख्याचा वायदा विकून, व्याजदराचा स्वॅप (स्थिर आणि बदलत्या व्याजाची अदलाबदल) करून, त्या देशाचे चलन घेऊन किंवा ऑप्शन (ठरलेल्या भावाला घेण्या-विकण्याचा हक्क) विकत घेऊन मांडता येते. ऑप्शनमध्ये जास्तीत जास्त तोटा आधीच ठाऊक असतो, पण वेळ निघून गेली की दिलेली रक्कम बुडते. वायद्यात रोजचा खर्च कमी, पण भाव उलटला तर तोट्याला तळ नाही. अनुभवी व्यवस्थापक या निवडीवर मूळ मताइतकाच वेळ घालवतात.

शेवटी आकार ठरतो. आपण चुकलो आहोत हे कोणत्या भावाला मान्य करायचे, ते आधी लिहून ठेवले जाते. तिथपर्यंतचा तोटा फंडाच्या भांडवलाच्या ठरावीक अंशापलीकडे जाऊ नये, या हिशेबाने रक्कम मागे मोजत येतात.

हे फंड भांडवलाच्या कितीतरी पट सौदे करतात, ते धोकादायक नाही का?

धोका आहेच, पण तो नुसत्या एकूण रकमेवरून कळत नाही. एक उदाहरण घेऊ. दहा वर्षांच्या सरकारी रोख्याचा परतावा एका बेसिस पॉइंटने, म्हणजे एका टक्क्याच्या शंभराव्या भागाने बदलला, तर १० कोटी डॉलरच्या रोख्यांची किंमत साधारण ८०,००० डॉलरने बदलते. दोन वर्षांच्या रोख्यात तोच बदल साधारण १९,००० डॉलरचा असतो. म्हणून दहा वर्षांच्या १० कोटींइतकीच जोखीम दोन वर्षांच्या रोख्यात घ्यायची, तर ४० कोटींहून मोठा सौदा करावा लागतो. तीन महिन्यांच्या व्याजदराच्या वायद्यांत हा आकडा याहून कितीतरी पट फुगतो. बाहेरून पाहणाऱ्याला मोठी रक्कम दिसते, आतली जोखीम तेवढीच असते.

खरा धोका दोन ठिकाणी असतो. एक, तारण वाढवून मागितले गेले तर ते देण्याइतकी मोकळी रोख हाताशी आहे का. चांगले चालवलेले मॅक्रो फंड आपल्या पैशांचा मोठा भाग याचसाठी अल्प मुदतीच्या सरकारी रोख्यांत ठेवतात. आणि दुसरा, तोच सौदा इतर किती जणांनी केलेला आहे.

मोठे तोटे कशामुळे होतात?

बहुतेक वेळा या दुसऱ्या कारणामुळे, म्हणजे गर्दीमुळे. ४ फेब्रुवारी १९९४ रोजी अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने दर ३ वरून ३.२५ टक्के केला. दर वाढले की रोख्यांचे भाव पडतात. वाढ पाव टक्क्याची होती, पण दर खालीच राहतील असे धरून असंख्य फंडांनी उधारीवर रोखे घेऊन ठेवले होते. सगळे एकाच दरवाजाकडे धावले. मायकेल स्टाइनहार्ट यांच्या फंडांनी त्या वर्षी सुमारे ३० टक्के गमावले आणि १९९५ साली त्यांनी काम थांबवले.

ऑक्टोबर १९९८ मध्ये स्वस्त व्याजाचे येन उसने घेऊन जगभर गुंतवणाऱ्यांवर तीच वेळ आली. रशियाच्या दिवाळखोरीनंतर सर्वांनाच उधारी फेडायची होती, त्यासाठी येन विकत घ्यावे लागत होते, आणि काही दिवसांतच येन डॉलरच्या तुलनेत दहा टक्क्यांहून जास्त वधारला. टायगर फंडाला त्यात जबर फटका बसला.

मार्च २०२३ चे उदाहरण अगदी अलीकडचे आहे. दर आणखी वाढतील या अंदाजाने अनेक फंड अमेरिकी रोख्यांत मंदीत होते, आणि २०२२ साली त्याच अंदाजाने त्यांना उत्तम कमाई दिली होती. १० मार्चला सिलिकॉन व्हॅली बँक बंद पडली आणि दोन वर्षांच्या रोख्याचा परतावा तीन व्यवहार दिवसांत जवळपास एका टक्क्याने खाली आला, म्हणजेच रोख्यांचे भाव उसळले आणि मंदीवाल्यांना तोटा झाला. १९८७ नंतर एवढी झपाट्याची घसरण झालेली नव्हती.

स्टॉप लॉस, म्हणजे ठरलेल्या भावाला आपोआप बाहेर पडण्याची सूचना, लावला की तोटा मर्यादित राहतो ना?

भाव पायरी पायरीने उतरत असेल तरच. १५ जानेवारी २०१५ रोजी स्वित्झर्लंडच्या मध्यवर्ती बँकेने एका युरोला १.२० फ्रँक हा २०११ पासून राखलेला किमान दर पूर्वसूचनेशिवाय सोडून दिला. काही मिनिटांत युरो १.२० वरून १ फ्रँकच्या खाली गेला आणि मधल्या भावांना जवळजवळ ग्राहकच नव्हता. १.१९ ला बाहेर पडण्याची सूचना देऊन निर्धास्त राहिलेल्यांचे सौदे कितीतरी खाली तुटले. १९९२ साली मध्यवर्ती बँकेच्या शब्दाविरुद्ध उभे राहणारे जिंकले होते. येथे तिच्या शब्दावर विसंबणारे बुडाले. त्यामुळे गंभीर फंडांत जोखीम विभाग व्यवस्थापकांपासून स्वतंत्र असतो, आणि बांधलेल्या दराच्या चलनात आजवरच्या चढउतारांवरून काढलेला जोखमीचा आकडा तो ग्राह्य धरत नाही. तीन वर्षे न हललेल्या भावाचा इतिहास शून्य जोखीम दाखवतो.

मोबदला कसा आकारला जातो?

रूढ दर भांडवलावर वर्षाला २ टक्के आणि नफ्यावर २० टक्के असा आहे. प्रत्यक्षात घासाघीस बरीच होते. गुंतवणूकदाराचे रक्षण करणारी अट म्हणजे उच्चांकाची अट. समजा, तुमचे १०० रुपये १२० झाले आणि २० च्या नफ्यावर ४ रुपये गेले, म्हणजे उरले ११६. पुढच्या वर्षी ते ९० वर आले, तर पुन्हा ११६ ओलांडेपर्यंत नफ्यातला वाटा व्यवस्थापकाला मिळत नाही. ९० वरून ११६ ला जाण्यास जवळपास २९ टक्के वाढ लागते. काही व्यवस्थापक एवढी चढण चढण्याऐवजी फंडच बंद करतात आणि नव्या नावाने दुसरा उघडतात, तेव्हा जुन्या तोट्याची नोंद पुसली जाते. ही पळवाट कायदेशीर असली तरी गुंतवणूकदारावर अन्याय करणारी आहे.

नियमन किती असते?

अमेरिकेत हे फंड १९४० च्या गुंतवणूक कंपनी कायद्यातील सवलतींखाली चालतात. त्या बदल्यात ते सर्वसामान्यांकडून पैसा घेऊ शकत नाहीत. २०१० च्या डॉड-फ्रँक कायद्यानंतर १५ कोटी डॉलरहून अधिक मालमत्ता सांभाळणाऱ्या खासगी फंडांच्या सल्लागारांना सामान्यतः रोखे नियामकाकडे नोंदणी करावी लागते आणि मोठ्यांना आपल्या सौद्यांची गोपनीय माहिती ठरावीक काळाने द्यावी लागते. युरोपीय संघाने २०११ साली पर्यायी फंडांच्या व्यवस्थापकांसाठी स्वतंत्र निर्देश काढला.

यशस्वी फंडही बंद का होतात?

काही वेळा आकारामुळे. एक कोटी डॉलरहून कमी भांडवलावर सुरू झालेली टायगर मॅनेजमेंट १९९८ साली २० अब्ज डॉलरच्या पुढे गेली होती. एवढ्या रकमेला शिरायला आणि निघायला जागा असलेले बाजार थोडेच असतात, आणि निघताना आपल्याच विक्रीने भाव आपल्याविरुद्ध जातो. येनमधील तोटा, मग तंत्रज्ञान शेअरांच्या तेजीत सामील न होण्याचा निर्णय आणि त्यामुळे अस्वस्थ होऊन पैसे काढून घेणारे गुंतवणूकदार, अशा क्रमाने रॉबर्टसन यांनी मार्च २००० मध्ये फंड गुंडाळला. तंत्रज्ञान शेअरांचा निर्देशांक नॅसडॅक त्याच महिन्यात आपल्या शिखरावरून खाली येऊ लागला. पुढच्याच महिन्यात, नेमके तेच शेअर चढ्या भावाने घेऊन बसलेले ड्रकनमिलर क्वांटममधून बाहेर पडले. सोरोस यांनी २०११ साली बाहेरच्या गुंतवणूकदारांचे पैसे परत करून फंड कौटुंबिक संपत्तीपुरता ठेवला. नव्या कायद्याखालची नोंदणीची अट हे कारण तेव्हा देण्यात आले.